मावशीच्या वांग्यांचं थेट प्रक्षेपण

कांचघर, जबलपूर, तळमजला
मंगळवार, सकाळ

तीर्थस्वरूप वीणामावशीच्या चरणी, तिच्याच घराच्या तळमजल्यावरून अभिरामचा साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या बुधवारपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. इकडे खाली सर्व ठीक. तिकडे वरची खुशाली पावलांच्या आवाजावरून कळतेच. कालपासून डावा पाय हळू पडतोय, तेव्हा गुडघा पुन्हा धरला असावा. तेल लावून शेक घे. अठरा पायऱ्यांसाठी पत्र लिहिणारा आपल्या घराण्यात मीच पहिला असेन, पण जिन्यात भेटलीस की तू भिंतीकडे तोंड करतेस, फोन उचलत नाहीस, आणि दुपारी बाराला डबा मात्र न चुकता तिसऱ्या पायरीवर येतो. साधं वरण, भात, चार पोळ्या. सहा दिवसांत भाजीचं दर्शन नाही. शिक्षा मान्य आहे. पण माझं मन थाऱ्यावर नाही गं. हे एवढं लिहीपर्यंत तीनदा उठून अंगणात जाऊन आलो (तुळशीला दोनदा पाणी घातलं आहे, तू आता घालू नकोस).

मी नेमकं काय काम करतो हे तुला नीट सांगितलं नाही, ही माझी पहिली चूक. तू सगळ्यांना 'आमचा अभिराम टीव्हीचं काम करतो' असं सांगतेस (त्यापायी गल्लीतल्या पाच जणांचे टीव्ही मी उघडले आहेत, त्यातले दोन अजून मिटलेले नाहीत). तर ऐक. कार्यक्रमाच्या जागी वीसेक माइक असतात. त्यांचे आवाज जुळवून वेगवेगळ्या वाटांनी आमच्या गाडीतल्या एका पेटीत जातात. ती पेटी, म्हणजे एन्कोडर, सगळ्याचं आवळून गाठोडं बांधते आणि पाठवते. चॅनलच्या ऑफिसातली दुसरी पेटी, म्हणजे डिकोडर, ते गाठोडं सोडते. कुठल्या वाटेवर काय आहे हे दोन्ही पेट्यांना सारखंच सांगून ठेवावं लागतं. पहिल्या सहा वाटा ज्यांच्या घरी सहा स्पीकर आहेत त्यांच्यासाठी, सात-आठवर साधं हिंदी, नऊ-दहावर मराठी निवेदन, आणि अकरा-बारावर आमचं कामाचं आपसातलं बोलणं, ज्याला टॉकबॅक म्हणतात. ते चॅनलवाल्यांना ऐकू जावं लागतं, प्रेक्षकांना अजिबात नाही.

आता चॅनलने पाठवलेल्या तक्त्यात टॉकबॅक आधी आणि मराठी नंतर होतं, आमच्या तक्त्यात उलट. ते दोन तक्ते मी जुळवत होतो तेव्हा समोर तुझा डबा उघडा होता. जुळवलं, तपासलंसुद्धा. तपासायला सगळ्या वाटांवर एकच 'टूंऽऽ' आवाज सोडतात. तो सगळीकडून छान वाजत आला. सगळीकडून तोच वाजत असला तर कुठला कुणाचा हे कसं कळावं, हे मला त्या वेळी सुचलं नाही. पेट्या फार आज्ञाधारक असतात मावशी. अकरा-बारा म्हणजे मराठी असं चुकून सांगितलं, तर त्या मान डोलावतात आणि आमचं टॉकबॅक मराठी म्हणून घरोघर पोचवतात. 'काहून भैया, पक्कं ना?' असं एकदा तरी विचारावं की नाही?

आणि नेमकी कोजागिरी. भेडाघाटला नदीकाठी गाण्याचा कार्यक्रम, जबलपूरच्या टीव्हीवर पहिल्यांदाच मराठी निवेदन, आणि तू कौतुकाने अकरा बायकांना मसाला दुधाला बोलावून, रिमोटवर मराठी भाषा निवडून, सात वाजता तयार! निवेदनाला दीक्षितपुऱ्याची प्रणोती होती. कॉलेजात भूगोल शिकवते. मंडळाच्या हळदीकुंकवाला तू तिला पाहिलंस आणि 'पोरगी चांगली आहे, पण हिंदीत विचार करते' असा शेरा मारलास, तीच. ती काठावरच्या खोलीत, मी गाडीत. गाणं सुरू झालं की तिला काम नसतं. मग ती एक बटण दाबते आणि तिचा आवाज निवेदनाऐवजी टॉकबॅकवर, म्हणजे फक्त माझ्याकडे येतो (चॅनलच्या ऑफिसातही जातो, पण तिथे मराठी कुणाला कळत नाही). फक्त माझ्याकडे, असं आम्ही दोघं समजत होतो.

बोलत होतो मराठीत, आणि ही सवय मात्र तुझी देणगी. या गावात मराठी म्हणजे आपली खाजगी तिजोरी. कांचघरच्या बाजारात भाजीवाल्यासमोर उभं राहून तू मला 'वांगी शिळी आहेत, हा लुटून राहिला, चल पुढे' असं खुशाल सांगतेस. (त्याची आजी नागपूरची आहे. तो सगळं समजतो आणि तुझ्या शिव्यांसाठी चार वांगी जास्त घालतो, हे त्यानेच मला सांगितलं. मी तुझा भ्रम मोडला नाही.) गाडीत आमचा डायरेक्टर विक्की शेजारीच होता, त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, म्हणून आम्ही बिनघोर होतो. त्याच्या रंगवलेल्या केसांपासून सुरुवात झाली. तिथून गाडी घरावर आली.

मी काय बोललो ते तू ऐकलंच आहेस, पण अकरा बायकांच्या साक्षीने ऐकलंस म्हणून कबूल करतो. आठवड्यात चार दिवस भरली वांगी खाऊन आता मला डोक्यावर देठ फुटेल, असं मी म्हणालो. तुझ्या रश्श्यातलं वांगं बुडत नाही, पोहतं, असंही म्हणालो. आणि तू बोलायला लागलीस की काका कानातलं यंत्र हळूच बंद करतात आणि मान हलवत राहतात, हेही माझ्याच तोंडून गेलं. मावशी, तीस वर्षांचं त्या माणसाचं सुख मी अर्ध्या मिनिटात संपवलं. परवा ते यंत्र चालू ठेवून गच्चीवर बसलेले दिसले. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की मी पुन्हा तुळशीला पाणी घातलं.

वांग्यांचं ऐकून प्रणोती म्हणाली, "मग आमच्याकडे येत जा ना जेवायला, इथे वांगं वर्षातून एकदाच होते." आणि मावशी, चांदणं होतं, समोर नर्मदा होती, काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "एक दिवसाचं नाही विचारत मी. तुझं आणि माझं जन्मभर एकाच डब्यात जमेल का?" वर्षभर जे आरशासमोर जमलं नव्हतं, ते तोंडातून सरळ बाहेर पडलं. आणि त्याच क्षणी चॅनलच्या ऑफिसातून फोन वाजला. मी कानावरचे हेडफोन काढून फोन घेतला. तिकडून गौतम ओरडत होता, "भैया, मराठी पे ये वांगा-वांगा क्या चल रहा है ग्यारह मिनट से?" मी फोन टाकून पेटीकडे वळलो. वाटा बदलल्या, हेडफोन पुन्हा चढवले, तर प्रणोती निवेदनाच्या आवाजात संगमरवराची माहिती सांगत होती.

तर झालं ते असं. तुझी वांगी वाईट नाहीत. ती मला आवडतात, म्हणूनच तिच्याजवळ त्यांचा विषय निघाला. आवडत नसलेल्या गोष्टीबद्दल इतकं सुचत नाही. चारचौघींत तुझी मान खाली गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. हात जोडून क्षमा मागतो. चूक माझ्या तक्त्याची, बोलणं माझं, काकांचा फक्त कान. पत्र डब्याच्या झाकणात ठेवतो आहे. कळावे, लोभ होता तेवढा परत करावा.

तुझा,
अभिराम

ता. क. : काकांना यंत्र रोज दुपारी तासभर बंद ठेवायची परवानगी दे. एवढं माझ्यासाठी कर.

ता. क. दोन : हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. मावशी, ती काय म्हणाली? मी हेडफोन काढले त्या पाऊण मिनिटात तिने उत्तर दिलं. ते अख्ख्या मराठी जबलपूरने ऐकलं, मी एकट्याने नाही. चॅनलने मराठीचं रेकॉर्डिंग ठेवलेलं नाही. काकांचं यंत्र तेव्हा बंद होतं. शेजारच्या पुष्पाताई मला पाहून "वा रे पठ्ठ्या" म्हणतात, पण ते तर पडलेल्यालाही म्हणतात. प्रणोती दुसऱ्या दिवशी नागपूरला बहिणीकडे गेली. तिथून तिचा निरोप आला, 'मी सगळं स्पष्ट बोलले, ऐकलंस ना?' आणि मी घाबरून 'ऐकलं, छान बोललीस' असं कळवलं. आता तिने नकार दिला असेल तर मी नकाराची तारीफ केली आहे, आणि होकार दिला असेल तर सहा दिवस गप्प बसलो आहे. आज संध्याकाळी ती परत येते. स्टेशनवर जाऊ का नको? रागावलेलीच राहा, पण एवढं सांग.

ता. क. तीन : पत्र झाकणात ठेवायला जिन्यात आलो तर डबा आधीच आलेला. जड लागला म्हणून तिथेच उघडला. पोळ्या आठ आहेत. वाट्या दोन. दोन्हींत भरली वांगी, तेलात पोहणारी, आणि वर एका पुडीत साखरफुटाणे. मावशी, हा डबा दोघांचा आहे ना? की सहा दिवसांची राहिलेली भाजी एकदम पाठवलीस? तोंडाने सांग गं. मी तिसऱ्या पायरीवरच उभा आहे.