बावीस कातडी मुठी

प्रिय लव्हिनिया,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. दर रविवारी तुझ्या ऑरिनच्या सुबक अक्षरातलं पत्र येतं, आणि या वेळी ही माझी कोंबडी चालून गेल्यासारखी अक्षरं. घाबरू नकोस. ऑरिन वरच्या खोलीत शिट्टी वाजवत पडलाय, त्याचं शेवटी सांगते. आणि शेवटचं पान आधी वाचू नकोस, तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

आधी क्रॉलचं सांगते. कॉलेजने यंदा फुटबॉलसाठी, तो चेंडू हातात घेऊन पळायचा नि एकमेकांना आडवं पाडायचा खेळ, नवा मास्तर आणला, पूर्वेकडच्या मोठ्या कॉलेजात खेळलेला. वय चोवीस, पण मिशी चाळिशीची. अकराही गड्यांना त्याने माझ्याकडे जेवायला बसवलं आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आजीबाई, आजपासून पाई बंद. कॉफी बंद. अर्धकच्चं मांस आणि शिळा पाव." मी म्हटलं, "बाबा रे, या घरात पाई एकदाच बंद झाली होती, लढाईच्या वर्षी, तीही साखर मिळेना म्हणून." तर म्हणतो कसा, "मग समजा, ही पण लढाईच." पाईसाठी चुलीवर ठेवलेली सफरचंदं शेजारच्या मिसेस ऑग्डनला देऊन टाकली. तिला यंदा तिसरी नात झाली बरं का, लालबुंद, अगदी बीटासारखी.

मग त्याने खेळायच्या विजारी आणून टाकल्या. प्रत्येकीच्या कमरेला दोन्ही बाजूंना कातड्याची मूठ शिवायची. चेंडू घेतलेल्या गड्याला आपलेच दोघे त्या मुठींना धरून गर्दीतून पुढे ओढणार, बैलगाडी चिखलातून काढतात तशी. अकरा गडी, बावीस मुठी. तुझ्या बाबांच्या हाताखाली मी तीस वर्षं घोड्यांचे साज शिवले. दोन सुया, मेणाचा दोरा. म्हटलं, कातडं फाटेल, पण माझा टाका उसवणार नाही. केवढी मिरवले मी, लव्हिनिया!

या गड्यांत एक हॉब्स आहे. सगळ्यांत हलका, पण पळाला की हाती लागत नाही. त्याच्या आईने, तू ऑरिनला बजावलंस तसंच, त्याला बजावलेलं: या खेळात दिसलास तर कॉलेज बंद, काकाच्या दुकानात खिळे मोजायचे. म्हणून पोरगा खोट्या नावाने खेळत होता. मला ठाऊक होतं. एक हाड मोडलं की सगळं उघडं पडणार आणि त्याचं शिक्षण संपणार. म्हणून दर शनिवारी मी मैदानाच्या दोरीपाशी उभी राहून त्याची हाडं मोजायचे. पहिला सामना हरलो, हाडं शाबूत. पुढचे तीन जिंकलो, एक दात गेला, तो पडायलाच झाला होता. तू मागच्या पत्रात लिहिलंस ना, "पेपरात त्या हॉब्सबद्दल वाचलं, त्या पोराची आई रात्री झोपत तरी असेल का?" ते पत्र मी पिठाच्या डब्यामागे लपवलं.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी नदीपलीकडच्या कॉलेजशी शेवटचा सामना. सहा वर्षं हरतोय त्यांच्याकडून. त्यांच्यात एक रेड्याएवढा गडी होता. त्याने काय करावं? हॉब्सची मूठच पकडली! दुसऱ्या बाजूची आपल्या पोरांच्या हातात. हे पुढे ओढतायत, तो मागे, आणि मधे पोरगा पिळायला घेतलेल्या चादरीसारखा. मूठ सुटेना, कारण टाका माझा. शेवटी रेड्याने त्याला गरकन फिरवून आपटलं. पोरगा उठेना. मी दहापर्यंत मोजलं. बारापर्यंत मोजलं. मग उठला, पण मला कळलं, पुढच्या खेपेला माझाच टाका याची मान मोडणार.

मध्यंतरात पिशवीतली कात्री काढून तडक पोरांच्या घोळक्यात घुसले. क्रॉल ओरडला, "बायकांनी इथे यायचं नाही!" मी म्हटलं, "टाका माझा आहे, मीच उसवणार." हॉब्सला कान धरून उभा केला. पोरं हसली, "सांभाळ रे, आजी पँटच काढतील!" मी कात्री लावली, तसा क्रॉल खाली वाकला नि हळूच म्हणाला, "आजीबाई, दोन टाके राहू द्या. धरायला काहीतरी दिसू दे त्या धटिंगणाला." मी त्याच्याकडे बघितलं. मिशी जरा हलली. दोन टाके ठेवले.

शेवटची चार मिनिटं, दोघांचंही शून्य. हॉब्स चेंडू घेऊन निघाला, रेड्याने झेप घेऊन मूठ धरली, ओढली, आणि मूठ आली हातात! तो मटकन चिखलात बसला आणि मुठीकडे बघतच राहिला. तोवर हॉब्स शेवटच्या रेघेपार, आणि आपण जिंकलो. मी या वयात मिसेस ऑग्डनला उचललं गं!

आता ऐक. एवढा हंगाम एक हाड मोडलं नाही. पण पोरांनी हॉब्सला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं, आणि माझ्याच दाराशी, बर्फाळलेल्या पायरीवर, एकाचा पाय घसरला. सगळे खाली. हॉब्सच्या उजव्या खांद्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात बांधलेला, म्हणून रविवारचं पत्र त्याला लिहिता आलं नाही. लव्हिनिया, हॉब्स म्हणजे कोण होता, आठवतं? आपल्या साजाच्या दुकानातला जुना घोडा. ऑरिनला ते नाव मीच सुचवलं, आणि लपवाछपवीही माझीच. क्रॉल त्याला पुढच्या वर्षी कप्तान करू म्हणतोय, पण ऑरिन म्हणाला, "आजी, आधी आईला खरं लिही. ती नाही म्हणाली तर नाही." शिव्या मला घाल, पोराला नको. रेड्याने जाताना मूठ परत दिली, ती पाकिटात घातलीय. ऑरिनला दुकानात बसवायचं असेल तर ठेवून घे, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर शनिवारच्या गाडीने ये आणि मूठ घेऊन ये. दोरा मी मेणात भिजवून ठेवलाय.

तुझीच,
आई