भोकरच्या आठ बायका

भोकर,
रविवार, १५ मार्च २०२६

ती. स्व. दादास,

इंदूचा नमस्कार, वि. वि.

थोरल्या भावाला असाच मायना लिहायचा असं बाबांनी शिकवलं होतं, म्हणून लिहिला. त्यात माया वगैरे शोधत बसू नकोस.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. ह्यांचे गुडघे दुखतात, पण शाळेतून निवृत्त झाल्यापासून तक्रार करायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे स्वारी खुशीत आहे. शिवम नांदेडला बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं वाचनालय चालू आहे. पाडवा चार दिवसांवर आलाय, साखरेच्या गाठी आणून ठेवल्या. झाली खुशाली.

आता तुझ्या मसुद्याबद्दल.

मंगळवारी तू फोनवर मजकूर पाठवलास. वर सूचना की तो माझ्या हाताने जसाच्या तसा उतरवून, खाली सही करून, कुरिअरने हैदराबादला तुझ्या अपूर्वाच्या शाळेत पाठवायचा. मी तो चार वेळा वाचला. "मी, सौ. इंदू रेणुकादास, असे लिहून देते की कु. अपूर्वा हिच्या निबंधासाठी मी भोकर तालुक्यातील बारा स्त्रियांच्या मुलाखती पुरवल्या. त्यांपैकी आठ मी कल्पनेने लिहिल्या. याची अपूर्वास किंवा तिच्या पालकांस कल्पना नव्हती."

पालकांस कल्पना नव्हती! हे लिहिताना लाज कशी रे वाटली नाही तुला?

तू लेखी मागितलंस, तर घे लेखी. मी ह्यावर सही करणार नाही.

तुला ठाऊक असलेल्या गोष्टी तुलाच का सांगते आहे, असं पुढे वाटेल. वाटू दे. मला एकदा त्या क्रमाने मांडायच्या आहेत.

मागच्या जूनमध्ये तू सांगितलंस की पोरीच्या त्या आंतरराष्ट्रीय डिप्लोमात चार हजार शब्दांचा निबंध असतो, विषय मुलांनीच निवडायचा, माहिती स्वतः गोळा करायची. तिने विषय घेतला, शाळा सुटलेल्या बायका. मला तर आनंदच झाला. वाचनालयात येणाऱ्या चौघींना मी तयार केलं. सिंधु, वर्षाराणी, पुनम आणि भाजीवाल्या केवळाबाई. अपूर्वाने व्हिडिओ कॉलवर स्वतः प्रश्न विचारले, मी शेजारी बसून दोन्हीकडचं समजावून सांगत होते. नाव छापणार नाही, नुसता क्रमांक देऊ असं तिने सांगितल्यावर केवळाबाई उखडल्या. "नंबर कायला? म्या काय जेलात हाय का? नाव लिव की बाई माझं. कदी न्हाई ते कुनी लिवून राहिलंय." पोरगी खळखळून हसली होती. मग ह्या बाईंना खरंच नंबर आवडला नाही, असंही तिने निबंधात लिहिलं. मला ते फार आवडलं.

चार झाल्या. तिला बारा हव्या होत्या. नोव्हेंबर होता, बायका कापूस वेचणीत होत्या, पहाटे जायच्या ते दिवे लागल्यावर परत. मी तुला म्हटलं, पंधरा दिवस थांब, मी गोळा करते. तू म्हणालास, "असू दे, मी बघतो." आणि तू बघितलंस. पोरीच्या शिकवणीच्या मास्तरकडून आठ बायका लिहून घेतल्यास आणि पोरीला सांगितलंस, आत्याने पाठवल्या.

डिसेंबरात निबंध माझ्याकडे आला तेव्हा मी इंग्रजी डिक्शनरी घेऊन बसले. सहभागी क्रमांक सात रोज सकाळी घागर घेऊन गोदावरीवर जाते म्हणे. भोकरहून गोदावरीवर जायला बस लागते, दादा! क्रमांक नऊ चाकूरची, आणि चाकूर भोकरच्या शेजारचं खेडं. चाकूर लातूर जिल्ह्यात, निदान जिल्हा तरी बघायचा होता. आठही जणी एकाच तोंडाने बोलतात, आठही जणींचा नवरा दारू पितो आणि आठही जणी शेवटी म्हणतात की शिक्षण म्हणजे प्रकाश. आमच्या इथल्या एका बाईने तरी असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. पुनमला विचारलं शाळा का सुटली, तर ती म्हणाली, "बुटं न्हवते. पोरी हसायच्या." संपलं तिचं उत्तर.

तेव्हाच मी तुला फोन केला होता. तू म्हणालास, "कोण बघतंय भोकरला येऊन?" मी गप्प बसले. हे माझं चुकलं, आणि ते मी कबूल करते. तेव्हाच अपूर्वाला सांगायला हवं होतं.

तर बघणारे निघाले. शाळेने आठ मुलाखतींचं रेकॉर्डिंग मागितलं. बुधवारी समिती बसणार, पोरीचा डिप्लोमा जायची वेळ आली, आणि तुला बहीण आठवली. परवा फोनवर काय म्हणालास त्यातला शब्दन् शब्द लक्षात आहे माझ्या. "इंदू, तुझं काय जाणार आहे? तुला कुठे परीक्षेला बसायचंय?"

मागच्या वर्षी तुझ्या घराच्या वास्तुशांतीला भर पंगतीत तू माझ्या शिवमची टिंगल केली होतीस. लातूर पॅटर्न म्हणजे रट्टा, पोपट तयार करण्याचा कारखाना, आमच्या अपूर्वाच्या बोर्डात मुलांना विचार करायला शिकवतात. शिवम खाली मान घालून जेवत होता. दोन वर्षं लातूरला दहा बाय दहाच्या खोलीत राहिला, दोनदा मेडिकलची परीक्षा दिली, दोनदा कमी पडला. रट्टा तर रट्टा, पण स्वतः मारला त्याने. त्याच्यासाठी कुणाला सही करावी लागली नाही.

मला तुझा राग येतो. बत्तीस वर्षं येतो आहे, आणि दिवाळीला ओवाळतानाही येत होता.

मार्च १९९४. नांदेडचं सेंटर, बारावीचा फिजिक्सचा पेपर. तुझं एक वर्ष वाया गेलेलं, म्हणून आपण एकाच वर्गात. मी पुढच्या बाकावर, तू माझ्या मागे. भरारी पथक आलं आणि तू चिठ्ठी पुढे सरकवलीस. ती माझ्या चपलेपाशी आली. त्या साहेबांनी उचलली आणि विचारलं, कुणाची? मी मागे वळून पाहिलं. तू पट्टीने समास आखत होतास. पेपर संपायला पंधरा मिनिटं राहिलेली आणि तू समास आखत होतास!

मी म्हटलं, माझी.

माझी ती परीक्षा रद्द झाली आणि पुढच्या दोन परीक्षांना बंदी आली. घरी बाबांना खरं सांगितलं. तर ते म्हणाले, "राघूचं करिअर आहे. पोरीचं काय जाणार आहे?" बघ, वाक्यसुद्धा तुझं स्वतःचं नाही. पूर्वपरीक्षेत फिजिक्सला मला तुझ्यापेक्षा एकवीस मार्क जास्त होते. तू इंजिनियर झालास, आणि बंदी उठायच्या आत मी नऊ वर्षांनी मोठ्या मास्तरांच्या घरी भोकरला आले. माणूस चांगला मिळाला, हे तुझं पुण्य नव्हे. पुढे बाहेरून बारावी केली, बी. ए. केलं, ग्रंथपालाचा कोर्स केला. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असायचा, पूर्वी कधी परीक्षेस बंदी होती काय. प्रत्येक वेळी होय लिहिलं.

आता जे लिहिते ते मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. ती चिठ्ठी तुझ्या खिशातली होती, पण अक्षर माझं होतं. तुला सूत्रं पाठ व्हायची नाहीत म्हणून मीच बारीक अक्षरात लिहून दिली होती, सगळ्या विषयांची. तू मागितलीस म्हणून नाही, मला तुझी दया आली म्हणून. तेव्हा साहेबांना दिलेलं माझं उत्तर अगदीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मी इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. पण ह्या आठ बायकांमध्ये माझं एक अक्षरही नाही. ह्या तुझ्या आहेत.

अपूर्वा शुक्रवारी संध्याकाळी इथे आली. वहिनींना सांगून आली, तू दौऱ्यावर होतास. आल्या आल्या पाणीसुद्धा न पिता तिने निबंध समोर धरला आणि विचारलं, "आत्या, ह्यातल्या खऱ्या किती?" मी म्हटलं, चार. तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "पप्पा म्हणाले तुम्ही बनवून पाठवल्या. तुम्ही असं कसं केलंत, आत्या?"

म्हणजे मी सही करण्याआधीच तू माझा गुन्हा पोरीला सांगून मोकळा झालास.

मी तिला उत्तर दिलं नाही. फार जड गेलं, पण दिलं नाही. बापाने स्वतः सांगावं, असं मला वाटत होतं. काल तिला चौघींकडे घेऊन गेले. केवळाबाईंनी तिला भाजीच्या ढिगापाशी बसवून घेतलं आणि उरलेली सगळी कहाणी ऐकवली. परत येताना पोरगी म्हणाली, ती समितीला सांगणार आहे की निबंधात चारच बायका ठेवा, बाकीचं खोडा, मग डिप्लोमा राहो की जावो. फक्त बाकीचं कुणी लिहिलं असं विचारतील, तेव्हा काय सांगायचं ते तिला कळत नाही. तिला आत्याचं नाव घ्यायचं नाही आणि दुसरं नाव तिच्यापाशी नाही.

ती उद्या सकाळच्या बसने निघते. हे पत्र तिच्याच हाती देते आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. तिला मी वाच म्हटलेलं नाही, आणि वाचू नकोस असंही म्हणणार नाही.

तुझी, आणि पुढे हा शब्द लिहायचा की नाही ते बुधवारनंतर ठरवणारी,

इंदू