पाइपाचा वळसा

पिंपरी पेंढार, बुधवार, संध्याकाळ

संडास तुंबला म्हणून आज मागचं अंगण खणलं. लाईन ह्यांनी स्वतःच्या हातानं टाकलेली. हे जाऊन वर्ष झालं, आता विचारायचं कुणाला? प्लंबरनं संडासापासून टाकीपर्यंत सरळ चर मारला, पण पाइप लागेना. मग भिंतीपासून उकरत गेला तेव्हा कळलं, पाइप मधेच वळून लांबून गेलाय.

"काकू, मधी ना झाड, ना खडक. काकांनी एवढा वळसा कशापायी घातला? तिथंच तुंबतंय. आता सरळ टाकू."

आमचं पहिलं बाळ बारशाआधीच गेलं. पुरायला पुरुषमाणसं गेली, बायकांनी जायचं नसतं. कुठं ठेवलं, मी एकदाच विचारलं होतं. "मागं हाय," एवढंच म्हणाले. पुन्हा कधी विषय नाही. मला वाटायचं, विसरले. केवढा राग धरला मी!

आणि हा वळसा. एवढ्याशा जागेला.

"वळवूनच टाका," मी म्हटलं.

"पण काकू, मधी कायबी न्हाई."

सरळ चर नेमका तिथूनच गेला होता. तो मी हातानं बुजवला. फावडं लावू दिलं नाही.