हिरवा दिवा

प्रिय ढब्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू ते उभ्या उभ्याच फोडलं असशील, म्हणून आधी हेच सांगते. बाबा आहेत, जेवताहेत, आणि आज सकाळी दाढी करताना त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, म्हणजे तब्येत ठीकच म्हणायची. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तुला पत्र लिहितेय. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोन आला की बाबा समोरच बसलेले असतात, त्यांचे कान शाबूत आहेत, आणि मग मी तेच ते बोलते, जे तुला आणि त्यांना दोघांनाही ऐकायला बरं वाटतं. मी दमले आहे रे. दमलेल्या माणसाचं पत्र लांबतं, कारण आवरतं घ्यायलाही ताकद लागते. तेव्हा चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच. लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायचास, तसं करू नकोस.

ऑफिसात मी नक्की काय करते, हे तू मागच्या भेटीतही विचारलं होतंस आणि माझं उत्तर संपायच्या आत तुला फोन आला होता. आता मध्येच उठता येणार नाही तुला. आमच्या हॉस्पिटलात जे जे टिपलं जातं, कुणाला कसली ॲलर्जी, कुणाचा रक्तगट कोणता, सकाळी कुणाला कोणतं इंजेक्शन दिलं, ते सगळं एका डेटाबेसात तक्त्यातक्त्यांनी राहतं, आणि ते तक्ते एकमेकांशी बांधलेले असतात. ज्या सर्व्हरवर हे राहतं तो मी सांभाळते. नीट सांभाळला तर कुणाला माझं तोंडही आठवत नाही. बिघडला तर शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना माझा नंबर पाठ असतो.

तर या सर्व्हरचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी अधूनमधून सूचना पाठवते, की अमुक ठिकाणी भोक सापडलं आहे, हा पॅच लावून घ्या. पॅच म्हणजे ठिगळच, नाव तेवढं इंग्रजी. इतक्या सूचना येतात की रोज मरे त्याला कोण रडे. पण दोनेक महिन्यांपूर्वी आलेली वाचून मी हातातला कप खाली ठेवला. ज्याला फक्त नोंदी बघायचा अधिकार दिलाय, असा कुणीही डेटाबेसाला एका विशिष्ट पद्धतीनं प्रश्न विचारून अख्ख्या सर्व्हरचा मालक होऊ शकत होता. वेटिंग रूममध्ये बसवलेल्या माणसाच्या हाती ऑपरेशन थिएटरची चावी यावी, तसं. आणि आमच्याकडे नोंदी बघणारे थोडेथोडके नाहीत. रिसेप्शन आहे, औषधांचं दुकान आहे, पथ्याचं जेवण कुणाला द्यायचं ते कळावं म्हणून कँटीनच्या आचाऱ्यालाही एक संगणक दिलाय. त्याचा पासवर्ड पडद्यालाच चिकटवलेला असतो, वर डाळीचा डाग.

यातली खरी गोम वेगळीच आहे. ठिगळ जाहीर झालं की भोकही जाहीर होतं. चोर जुनं आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी शेजारी ठेवतात, काय बदललंय ते बघतात, आणि कुठे हात घालायचा ते त्यांना आयतं कळतं. म्हणजे ज्यानं ठिगळ लावलं तो सुटला, आणि जो उद्या करू म्हणाला त्याचं दार आदल्या दिवसापेक्षा जास्त उघडं. हे मी आमच्या साहेबांना समजावून सांगितलं. माणूस वाईट नाही, पण त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, चालतंय ना, मग चालत्या गाडीला खीळ कशाला. ठिगळ लावायचं तर सर्व्हर थोडा वेळ बंद करावा लागतो. अतिदक्षता विभाग म्हणाला आज नको, प्रयोगशाळा म्हणाली या आठवड्यात नको, हिशेब विभाग म्हणाला महिनाअखेर होऊ दे. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. मी रोज सकाळी जाऊन बघायचे, अजून कुणी आत शिरलं नाही ना. घरातून निघताना बाबांकडे बघते, तसंच.

बाबांचं सांगते. अर्धांगवायूनं गेलेला उजवा हात तू बघितलंस तेव्हापेक्षा जास्त जड झालाय. त्यांना उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा दुखावतो. कमरेला रुंद पट्टा बांधायचा, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा आणि ते स्वतः पुढे झुकेपर्यंत थांबायचं. घाई केली की ते अंग चोरतात आणि मग दोघंही पलंगावर. सकाळची पांढरी गोळी चुरून द्यावी लागते, कारण अख्खी दिली की जिभेखाली लपवतात. खिडकीतलं झाड का सुकलं याचा मला बरेच दिवस पत्ता नव्हता. मग एकदा कुंडीतली माती उकरली. मी रागावले तर असे हसले म्हणून सांगू, त्यांच्या गणिताच्या वर्गात कॉपी पकडलेली पोरं त्यांच्यासमोर हसायची ना, अगदी तसे.

संध्याकाळी त्यांना बेचैनी येते. तेव्हा टीव्ही लावायचा नाही, गप्पाही मारायच्या नाहीत. पाटीवर एक गणित सोडवून द्यायचं आणि त्यात मुद्दाम एक चूक करून ठेवायची. चूक सापडेपर्यंत ते शांत असतात, आणि सापडली की डाव्या हातानं इतका मोठा गोल काढतात की पाटी पुरत नाही. फार सोपी चूक केलेली त्यांना चालत नाही. अपमान वाटतो. तुझ्या वह्यांमध्ये मिळतील तशा चुका ठेव म्हणजे बरोबर होईल, असं मी म्हणणार होते. आज तुला चिडवायलाही जोर नाही बघ.

आई गेली त्या आठवड्यात तू दारात बॅग घेऊन उभा होतास आणि म्हणालास, ताई, तात्पुरतं तू बघ, मी तिकडे जरा स्थिरावलो की काहीतरी ठरवू. तू खोटं बोललास असं मला कधीच वाटलं नाही. आमच्या कामातही कुणाला तरी तात्पुरते अधिकार द्यावे लागतात, आणि ते काढून घ्यायचं पुढे कुणाच्याही लक्षात राहत नाही. तू स्थिरावलास, लग्न झालं, छकुली झाली. मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. पण कधीकधी भांडी घासताना तुझा इतका राग यायचा की नळाखाली तशीच उभी राहायचे. ते तुला आज पहिल्यांदा सांगतेय.

तर सर्व्हरचं पुढे ऐक. मध्यंतरी दुसऱ्या एका हॉस्पिटलात याच भोकातून कुणीतरी शिरलं आणि सगळ्या नोंदी कुलूपबंद करून टाकल्या. कुणाला काय औषध चाललंय ते कुणालाच सांगता येईना. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आमच्या साहेबांची पाचावर धारण बसली, आणि जी परवानगी मी इतके दिवस मागत होते ती चहा निवायच्या आत मिळाली. रविवारी सकाळी काम करायचं ठरलं, कारण तेव्हा बाहेरचे पेशंट नसतात.

आमच्याकडे अशा वेळेसाठी एक दुसरा सर्व्हर ठेवलेला आहे. पहिल्यावर जे जे लिहिलं जातं त्याची नक्कल तो क्षणोक्षणी स्वतःकडे करून घेतो. पहिला थांबवायची वेळ आली की काम याच्याकडे वळवायचं, म्हणजे वॉर्डात कुणाला कळतही नाही. त्याच्यावर एक हिरवा दिवा आहे. मी रोज खोलीत शिरल्यावर तो दिवा बघायचे आणि निश्चिंत व्हायचे. शनिवारी दुपारी मी सहज म्हणून त्या दुसऱ्या सर्व्हरला आदल्या दिवशी दाखल झालेल्या एका पेशंटची नोंद विचारली. त्याला तो पेशंटच माहीत नव्हता. मग गेल्या महिन्यातला विचारला, तोही नाही. जागा भरल्यामुळे त्यानं मागेच कधीतरी नक्कल करणं सोडून दिलं होतं, आणि दिवा मात्र हिरवाच. कारण तो दिवा एवढंच सांगतो की यंत्र चालू आहे. आतलं काम चाललंय की नाही, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले. आता सगळं पहिल्यापासून भरायचं होतं, आणि तेही रविवारच्या आत.

ते भरलं. मग काम त्याच्याकडे वळवून बघितलं, खरोखर वळवून, दिवा बघून नव्हे. रविवारी ठिगळ लागलं. वॉर्डातल्या एका सिस्टरनं फक्त विचारलं, आज पडदा जरा हळू चालतोय का. बाकी कुणाला पत्ताही लागला नाही. साहेब म्हणाले, बघा, उगाच घाबरत होतो आपण. मी हो म्हटलं आणि घरी निघाले.

रविवारी एरवी मी सकाळभर बाजारहाट आणि बाहेरची कामं यात असते, बाबांपाशी रोजच्यासारख्या शेजारच्या मावशी बसतात. त्या दिवशी दुपारी दार ढकललं तर मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. आतून बाबांचा आवाज येत होता. भिंतीकडे तोंड करून ते म्हणत होते, मी मजेत आहे, तू कसा आहेस. मजेत हा शब्द अडायचा, की पुन्हा पहिल्यापासून. मावशी म्हणाल्या, दर रविवारी सकाळपासून हेच चालतं, तुला सांगू नको अशी खूण केली होती त्यांनी. मला आजवर वाटायचं, तुझा फोन येणार म्हणून रविवारी त्यांची जीभ जरा सैल होते. संध्याकाळी तुझा फोन आला. ते खणखणीत म्हणाले, मी मजेत आहे, तू कसा आहेस. तू खूश होऊन म्हणालास, ताई, बाबा किती छान बोलायला लागलेत. मी म्हटलं, हो ना. फोन ठेवल्यावर ते कपडे न बदलता, काही न खाता झोपले, सोमवारी दुपारपर्यंत त्यांच्या तोंडातून शब्द फुटला नाही. मी शेजारी बसून रडले. तुझ्यावर चिडून नाही. तू बिचारा दिवा बघत होतास, आणि तो हिरवा ठेवायला आम्ही दोघंही जिवाचा आटापिटा करत होतो.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहिलं. माझ्या डाव्या छातीत गाठ आहे. हाताला कधीचीच लागत होती, पण चालतंय ना, असं म्हणून मीही घोंगडं भिजत ठेवलं, साहेबांना हसायचा मला काही अधिकार नाही. तपासणीचा रिपोर्ट माझ्याच सर्व्हरवर येऊन पडला होता. मला तो केव्हाही उघडता आला असता. उघडला नाही, रांगेत बसून डॉक्टरांच्या तोंडून ऐकला. ऑपरेशन करायलाच हवं आणि ते लवकर हवं, असं म्हणाल्या. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीची तारीख घेतली आहे, आणि नंतर बरेच आठवडे मला काही उचलता येणार नाही. बाबांना तर नाहीच. म्हणून पट्ट्याचं लिहिलं, गोळीचं लिहिलं, पाटीचं लिहिलं. पण कागदावर वाचून हे येत नाही, मी अजून उभी आहे तोवर तू त्यांना माझ्यासमोर उठवून बघायला हवंस. तुझं काम लॅपटॉपवर कुठूनही चालतं, असं तूच सांगतोस, तर ते इथून चालव. मला भीती वाटते रे, फार वाटते, आणि तू जवळ असावास असं वाटतं. एकच कर, हे वाचून फोन करू नकोस. फोन केलास तर मी म्हणेन, काही विशेष नाही, सगळं ठीक आहे, आणि तुला ते खरं वाटेल. तू ये.

बाबांच्या शेजारी बसून लिहिणारी,
तुझीच,
ताई