विरघळलेली पट्टी हजर करण्याबाबत

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
वैद्यकीय साहाय्य कक्ष

विषय : मुलीच्या गालातील पट्टी गहाळ झाली नसून विरघळल्याबाबत, व दुसऱ्या शस्त्रक्रियेस मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्र. ११४, "पट्टी समक्ष हजर करावी."

महोदय,

"बोट गेलं तरी चालेल, पण किल्ली चकात ठेवून बटण दाबू नकोस रे बाबा," असे माझे उस्ताद म्हणत. त्याला तीस वर्षे झाली. मी लेथ कारागीर आहे. चक म्हणजे लेथचा फिरता जबडा. लोखंड त्यात धरून किल्लीने आवळायचे, आणि किल्ली काढून मगच यंत्र सुरू करायचे. हे इथे का लिहिले, ते शेवटी येईल.

१. मुलगी आठ वर्षांची असताना तिचे डोळ्याखालचे हाड मोडले. "वाढतं हाड आहे, धातू नको," म्हणून डॉक्टरीणबाईंनी विरघळणारी पट्टी बसवली. हाड भरत येते तशी ती विरत जाते. दोन वर्षांनी आपल्या तपासणीत ती सापडली नाही, म्हणून 'साहित्य गहाळ' अशी नोंद झाली व हरवल्याचा पोलीस दाखला मागितला गेला.

२. ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "काका, चहातली साखर चोरीला गेली, अशी तक्रार लिहू का?"

३. हाडाची एक कड भरलीच नाही. डोळा खाली उतरतो आहे. जिन्याची प्रत्येक पायरी तिला दोनदा दिसते. हसून म्हणते, "बाबा, तुम्हीपण दोन दिसता. एक रागावला तरी दुसरा उरतो." डॉक्टरीणबाई म्हणतात, महिनाभरात दुसरी पट्टी बसली नाही तर हे कायमचे राहील.

४. आपण असेही लिहिता की नोंदीत 'जिन्यावरून पडली' आहे, पण जखम उडून आलेल्या वस्तूची दिसते. सबब प्रकरण संशयास्पद. डॉक्टरीणबाईंनी तिला तीनदा विचारले. तिन्ही वेळा माझ्याकडे बघत ती म्हणाली, "जिन्यावरून पडले." हे मी तिला शिकवले नव्हते. तिच्यासमोर फॉर्मवर फक्त लिहिले होते.

पट्टी हजर करता येत नाही. जी वस्तू हजर करता येते, ती जोडली आहे. चौकशी माझी व्हावी, मंजुरी तिला मिळावी.

त्या दुपारी ती माझा डबा घेऊन कारखान्याच्या दारात उभी होती. किल्ली चकातच होती. बटण मी दाबले.

आपला,
मान खाली घालून,
मुलीचा बाप
(सही)
दिनांक : ९ मार्च

सोबत :
१. डॉक्टरीणबाईंचे पत्र
२. चकाची किल्ली, नग एक