उजवा हात रजेवर

प्रिय ताई,

सात अंगांनी नमस्कार. (आठवं अंग, म्हणजे उजवा हात, सध्या रजेवर आहे. अक्षर तुझ्या भावजयीचं, बोल माझे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? इकडे सगळं छान, फक्त मला मेंदूचा झटका येऊन गेला. घाबरू नकोस, त्याला सहा आठवडे झाले.

ताई, ती दुपार अजून स्वप्नासारखी वाटते. दुकानात ऊन कापडाच्या ठाणांवर पेंगत होतं, मी निळ्या कोटाची बाही कापत होतो. तेवढ्यात कात्री हातातून अलगद निसटली. कापड टेबलावरून पाण्यासारखं खाली उतरत राहिलं आणि मी नुसता बघत राहिलो. दुखणं कसलंच नाही, उलट हलकंहलकं वाटत होतं. मला वाटलं, कात्रीचा स्क्रू सैल झाला असणार. (तुझ्या भावाची अक्कल!) अर्धा तास डाव्या हाताने तो आवळत बसलो. मग ही चहा घेऊन आली. मी काहीतरी बोललो म्हणे, त्यातलं हिला अक्षर कळलं नाही. हिने काय करावं? गळ्यातली टेप काढून माझ्या ओठांचं माप घेतलं! मध्यापासून डावीकडे सव्वा इंच, उजवीकडे पाऊण. तीस वर्षं काजंबटणं केलेली बाई, दोन बाजू सारख्या नसल्या की तिला चैन पडत नाही. "हसा," म्हणाली, पुन्हा मोजलं, आणि तडक अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, वेळेत आणलं म्हणून औषधाने विरघळली. तो अर्धा तास वाया गेला नसता तर हात आणखी वाचला असता. कारणं म्हणशील तर वाढलेलं ब्लडप्रेशर, विड्या आणि दिवसभरची बैठक. गोळ्या मी मागेच सोडल्या होत्या, कारण मला काही होतच नव्हतं. "ते कळत नाही म्हणूनच गोळ्या घ्यायच्या असतात, आजोबा," इति बाई. (आजोबा! मी जेमतेम छपन्नचा.)

आता रोज तासभर एकाच सदऱ्याची बटणं लावतो आणि काढतो. रविवारी करंगळी हलली. ताई, मी ढसाढसा रडलो. डोळे मिटले की उजवा हात सरसर चालतो, निळं कापड ढगातून आल्यासारखं उलगडत जातं. जाग येते तेव्हा हात उशीवर पडलेला, कुणा परक्याचा असावा तसा. तो परत यावा, एवढंच मला हवंय. दुसरा झटका आला तर मात्र आशा सोडा, असं बाईंनी बजावलंय. म्हणून मी अगदी शहाण्यासारखा वागतोय.

तुझा धाकटा

ता. क. तुम्ही दोघंही ब्लडप्रेशर तपासून घ्या. आळस करू नका.

आणखी ता. क. (हे माझं. ते झोपलेत.) वन्सं, सोमवारपासून गोळ्या पुन्हा बंद आहेत. "करंगळी हलली, आता कशाला?" म्हणतात. मी ओरडले, रडले, पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी सांगितलं तसं सगळं लिहिलं, 'शहाण्यासारखा'सुद्धा. तुमच्यापुढे त्यांचं काही चालत नाही. मिळेल त्या गाडीने या, आणि आधी कळवू नका. मला फार भीती वाटते हो.