मेण लावलेला जोड

अप्पा, काल गच्चीवर जाऊन तुमच्या हॅम रेडिओची केबल कापली. रागावू नका. अँटेनाच्या तारेला ती जोडली होतीत तिथे तुम्ही मेण थापलं होतंत, आजोबांच्या कापड छापायच्या कामातलं उरलेलं. आईच्या कढईत ते वितळवलंत तेव्हा ती केवढी करवादली होती. तुम्ही म्हणालात, "रंग अडवतं ते पाणी अडवणार नाही? सुम्ने बस ग." उन्हाने ते कधीच ओघळून गेलंय. आत तांबं हिरवं पडलंय, आणि केबलीत पार खालपर्यंत पाणी.

मला तुमचं शेवटचं वर्ष आठवत राहिलं. सकाळची कॉफी घेऊन तुम्ही सेटसमोर बसता. एच. डी. कोटे गावचे मास्तर रेडिओवर रोजच्या मंडळींची हजेरी घेतायत. तुमचं नाव पुकारलं जातं, तुम्ही माइक धरून उत्तर देता, आणि पलीकडून कन्नडमध्ये येतं, "इवत्तू बंदिल्ल." आजही आले नाहीत. तुम्ही पुन्हा ओरडता, तोवर मास्तर पुढच्या नावावर गेलेले असतात. "घसा फोडून बोलतोय आणि म्हणे आले नाहीत. म्हाताऱ्याची थट्टा चाललीये," असं म्हणून तुम्ही माइक आपटलात. केबल बघूया, असं मी म्हटलं, तर मीटरवर बोट ठेवलंत. परत येणारी पॉवर जवळजवळ शून्य. "हा खोटं बोलतो का? सगळं वर पोचतंय. माणसंच फिरलीत, होगली बिडी, जाऊ दे." मग एक दिवस सेटवर आईच्या साडीचा तुकडा टाकलात. मास्तरांचा फोन वाजत राहिला, तुम्ही घेतला नाहीत. ती अढी मनात ठेवूनच गेलात, आणि त्याचं मला अजून फार वाईट वाटतं.

मीटर खोटं बोलत नव्हता, अप्पा. अँटेना नीट जुळलेली नसली की पॉवर परत फिरते, आणि मीटर ती दाखवतो. पण तुमची केबल जाताना बहुतेक खायची आणि उरलेलं परतताना खायची, मग मीटरपर्यंत यायला राहणार काय? त्यांचा आवाज जोरकस, म्हणून तो केबलीतूनही तुमच्यापर्यंत यायचा. तुमचा गच्चीवरच संपायचा. कुणी फिरलं नव्हतं हो.

तुमच्यामागे मी परीक्षा देऊन रेडिओचं लायसन्स काढलं. आज नवी केबल टाकली, अँटेना पुन्हा जुळवली आणि हजेरीच्या वेळी बोलले. मास्तरांनी पहिल्याच हाकेला ओळखलं. "अप्पांची मुलगी? बा अम्मा, बा." ये ग, ये. आवाज थकलाय त्यांचा. मग त्यांनी कन्नडमध्येच विचारलं, शेवटी शेवटी अप्पा सेटवर बसतच नव्हते ना, आम्ही फार वाट पाहिली.

हे तुम्हाला सांगायला कागद घेतला. तो टाकायचा कुठे, ते मलाही ठाऊक नाही, इथेच सेटखाली राहील. मी मास्तरांना हो म्हटलं, अप्पा. तुम्ही रोज ऐकत होतात, हे माझ्याच्याने सांगवलं नाही.